गाण्यातलं भगदाड

४ मार्च

भिंगरीस,

पोचले. शेजारचा माणूस सगळा प्रवासभर माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला आणि उतरताना मलाच म्हणाला, "जरा सरकून बसायचं ना." एवढं सोडलं तर प्रवास बरा झाला. तुमच्याकडचा मुक्कामही बरा झाला, गाद्या स्वच्छ होत्या. आभाराचं संपलं. आता खरं लिहिते.

इतक्या वर्षांनी मी आपल्या जुन्या शहरात आले ती काही तुमच्या दुकानातल्या चष्म्याच्या फ्रेमा बघायला नव्हे. ऑफिसने मला विचारलंय, तिकडे परत बदली हवी का. महिनाअखेरपर्यंत हो किंवा नाही कळवायचं आहे. तुला तिथे हे बोलले नाही, कारण माझं कपाट कुठल्या भिंतीला लावायचं ते तू त्याच क्षणी ठरवायला घेतलं असतंस. मला आधी स्वतः बघायचं होतं. जन्मभर लिफ्ट तपासत आले. दार उघडलं की समोर लिफ्ट आहे की नुसताच अंधार, हे बघूनच पाय टाकायची सवय लागलीय.

तर बघितलं. मी राहायचे त्या इमारतीच्या लिफ्टवर "बंद आहे" असा कागद चिकटवलाय, आणि तो कागदसुद्धा पिवळा पडलाय. कोपऱ्यावरच्या बेकरीत आता मोबाइलची कव्हरं मिळतात. बरं, शहर गेलं खड्ड्यात. मी आले होते शनिवारच्या संध्याकाळसाठी.

दुकान बंद करून मागच्या खोलीत आपण चौघं बसायचो. भावोजींचं व्हायोलिन, घोडेवैद्याचं अकॉर्डियन, तुझा पहिला आवाज, माझा दुसरा. तीच खोली, तोच भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता, वरची मोठी आणि खालची मुंगीएवढी. दारातच मी सांगून टाकलं, "गाणं सोडलं मी, आग्रह करू नका." तुम्ही तिघांनी अशी मान डोलावलीत, जसं काही मी चहात साखर नको म्हटलं. छान. मग मी डोळे तपासायच्या उंच खुर्चीवर जाऊन बसले, पर्स शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली, आणि ऐकलं.

घोडेवैद्याचं आधी सांगते. माणूस जनावरांचा डॉक्टर झाला ह्यात गैर काही नाही. पण अकॉर्डियनचा भाता असा दाबतो की खोलीत कुठेतरी गाय अडली आहे असं वाटावं. भावोजींचा हात अजून गोड आहे, हे नाइलाजाने मान्य. पण गाणी, भिंगरे, ती गाणी! मी गेल्यानंतर भावोजींनी सगळी नवीन केली, असं तू मोठ्या कौतुकाने सांगितलंस. त्यातलं एकही अख्खं नाही. तू दोन ओळी म्हणतेस आणि मग सगळे थांबता. दोन ओळींएवढी नुसती शांतता. भावोजींचा गज हवेत, घोडेवैद्याचे डोळे छताला, आणि तू माझ्याकडे अशी बघतेस जणू मी तुमचा चमचा गिळलाय. मग परत सुरू. पुढे परत तेच. पहिल्या गाण्यात मला वाटलं संपलं, म्हणून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यात वाटलं ओळ विसरलात, म्हणून खाली बघितलं. तिसऱ्यात कळलं की माणूस आटलाय. दोन ओळी सुचतात, पुढच्या दोन सुचत नाहीत, आणि तिघंही ते झाकता.

म्हणून मी जे बोलले ते बोलले. "भावोजी, ही भगदाडं बुजवा. ह्या तुमच्या शेजारच्या बालवाडीच्या बाई मघापासून गुणगुणताहेत, त्यांना द्या त्या ओळी." त्या बिचाऱ्या लाजून लाल झाल्या. घोडेवैद्य खोकला. भावोजी "बघू" म्हणाले आणि व्हायोलिन पेटीत ठेवलं. चहासुद्धा व्हायचा होता! पूर्वी ह्या घरात पाहुण्यांपुढे इतका लवकर कुणी गाशा गुंडाळत नव्हतं.

तर माझा अहवाल: चालवण्यास अयोग्य. बदलीला "नाही" कळवावं असं दिसतंय. तुला काय वाटतं ते लिही. फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मला हो म्हणावं लागतं.

कातरी


९ मार्च

कातरे,

अहवाल मिळाला. खाली शिक्का मारायचा तेवढा राहिला.

फोन करणार नव्हतेच. फोनवर तू बोलतेस आणि मी हुंकार देते. कागदावर निदान माझं वाक्य पुरं होतं. आणि रडते कोण? मागच्या वेळी मला सर्दी होती.

ह्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. "माणूस आटलाय" इथपर्यंत शांतपणे ऐकलं, मग म्हणाले, "चार दिवस घरात होती, तिची नजर तपासायची राहूनच गेली." घोडेवैद्याला गाईचं सांगितलं. तो म्हणाला, "अडलेली गाय सोडवली की मालक निदान हात धुवायला पाणी तरी देतो." बाकी कुणाला राग वगैरे आलेला नाही. तुझ्या बोलण्याचा राग धरायचा तर आपल्या शाळेच्या पहिल्या दिवसापासून धरावा लागेल. तुला कातरी हे नाव काही केसांवरून पडलेलं नाही.

तुझा सल्ला मात्र मानला. लगेच पुढच्या शनिवारी बालवाडीच्या बाईंना बसवलं. ह्यांनी स्वतः जाऊन त्यांचं दार वाजवलं, मी नव्हे. त्या जागी काय म्हणायचं ते त्यांना कुणी शिकवलं नाही. तिथे तयार असं काही नव्हतंच. त्यांना वाटलं ते त्या म्हणाल्या. आवाज लहान आहे, मुलांना झोपवताना लागतो तसा, पण सुरात आहे. शिवाय वेळेवर येतात आणि आल्या आल्या माझ्या पडद्यांना नावं ठेवत नाहीत. तुझी भगदाडं बुजली. झालं समाधान?

बदलीचं विचारतेस. येऊ नकोस. इथे तुझ्या तोलामोलाचं काय उरलंय? लिफ्ट बंद, बेकरी गेली, गाणी अर्धवट, पाहुणचाराला चहा नाही. नाही कळवून टाक आणि मोकळी हो. तिकडे मुलगा आहे, सून आहे, तपासायला उंच उंच इमारती आहेत. इथे येऊन तुला फक्त आम्ही मिळू, आणि आमचा अहवाल तर तू दिलाच आहेस.

टाळ्या मात्र छान वाजवतेस हो. इतकी वर्षं वाट बघितल्यावर अगदी मनासारखं काहीतरी मिळालं.

जास्त लिहीत नाही. लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण दुकानात गिऱ्हाईक आलंय. त्याला लांबचं सगळं दिसतं, जवळचं दिसत नाही. अशी बरीच येतात.

भिंगरी


१५ मार्च

भिंगरे,

"येऊ नकोस." वा! मी नाही म्हणणार होते ते माझं मी म्हणणार होते. तू कशाला म्हणायला हवंस? मी नाही म्हणायचं, तू आकांडतांडव करायचं, मग मी उपकार केल्यासारखं हो म्हणायचं, हे आपलं शाळेपासून चालत आलेलं आहे. एवढं साधं काम तुला जमलं नाही.

तुझं पत्र टेबलावर होतं ते मुलाने वाचलं. म्हणाला, "आई, तुला तिकडे जायचंय तर सरळ सांग ना." सून भाजी चिरत होती, मान वर न करता म्हणाली, "आईंना विचारलं की त्या नाहीच म्हणतात. न विचारता केलं की चालतं त्यांना." लग्न होऊन आली कालपरवा, आणि हिला हे कळतं. तू मला दुधाच्या दातांपासून ओळखतेस, आणि तुला कळत नाही.

आता लिहायलाच बसलेय तर एक लिहिते. कुणाला वाचून दाखवू नकोस, भावोजींना तर नाहीच.

इथे आले तेव्हा मी एका गायनमंडळात गेले होते. मोठं मंडळ, सगळ्यांचे सारखे कपडे, सगळ्यांच्या हातात सारख्या फायली. मुख्य बाईंनी माझा आवाज ऐकला. म्हणाल्या, "आवाज ठीक आहे, पण तुम्ही सगळ्यांबरोबर का गात नाही? मध्येच का येता?" मी म्हटलं, मी दुसरा आवाज आहे, मला तसंच येतं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे दुसरा नसतो. आम्ही सगळे पहिलेच." अशा हसल्या जणू मी मागच्या दाराने शिरायला बघत होते. तीस बायका एकच ओळ एकाच सुरात म्हणतात, एखाद्या गिरणीसारख्या, आणि त्याला गाणं म्हणतात. मी परत गेले नाही. घरी एकटीने करून बघितलं. पण उत्तर देणारीला आधी कुणीतरी काहीतरी म्हणावं लागतं ना? भिंतीला काय उत्तर देणार? पुढे पुढे भांडी घासताना ओठ हलायचे, तेही थांबले. तेव्हापासून मी "सोडलं" म्हणते. कुणी घेतलं नाही म्हणण्यापेक्षा ते बरं वाटतं.

आणि तुम्ही तिघं! मी दारात "सोडलं" म्हटलं आणि तुम्ही ऐकून घेतलंत. एकदा "बस गं" म्हणाली असतीस तर मी नाही म्हटलं असतं. दुसऱ्यांदा म्हणाली असतीस तर चपला काढून बसले असते. तू एकदाही म्हणाली नाहीस. बशीत बिस्किटं मांडून समोर ठेवलीस, बँकेतून कुणी कर्जाची चौकशी करायला आल्यासारखी. तिथे उंच खुर्चीवर बसून मी काय करणार होते? टीकाच करणार. मला दुसरं दिलंत काय करायला?

बालवाडीच्या बाईंना नमस्कार सांग. शिफारस माझीच, त्यामुळे तक्रार नाही. मला काय त्याचं. फक्त एवढं लिही, त्या तिथे म्हणतात तरी काय?

ऑफिसला अजून कळवलेलं नाही. साहेब रोज विचारतात.

कातरी


२१ मार्च

कातरे,

तुला लिफ्टची तपासनीस कुणी केली? लोक जिन्याने का जात नाहीत ह्याचं मला आता नवल वाटायला लागलंय.

ज्याला तू भगदाड म्हणतेस, ती तुझी जागा होती. प्रत्येक गाण्यातली. इतकी वर्षं.

नीट वाच, दोनदा सांगणार नाही. तू गेल्यावर आम्ही आधी जुनीच गाणी म्हणायचो. तुझ्या ओळी आल्या की मी त्या म्हणून बघायची. ह्यांनी एक दिवस गज खाली ठेवला. म्हणाले, "तू तुझं म्हण. तिचं राहू दे." पुढे नवीन गाणी केली, त्यात तुझ्यापुरती जागा आपोआप राहत गेली. मी एकदा ओरडलेसुद्धा, "अहो, ती बाई तिकडे कधीच रमली. आपण कुणाला गाऊन दाखवतोय, हवेला?" म्हणाले, "राहू दे गं, दम घ्यायला बरं पडतं."

तू येणार म्हटल्यावर मी म्हटलं, तिला आधी सांगू या. हे म्हणाले, "सांगायचं काय त्यात? ऐकलं की कळेल. दुसऱ्या आवाजाला कधी आमंत्रण लागतं का?" घोडेवैद्य एकटा म्हणत होता, "सांगा बाबांनो, नाहीतर घोळ होईल." त्याचं ऐकायला हवं होतं. त्याचं सगळं आयुष्य दुखतंय कुठे ते तोंडाने न सांगणाऱ्यांत गेलंय.

आणि मग तू आलीस. दारात "सोडलं" म्हणालीस. आम्ही मान डोलावली, कारण आमचा काडीचाही विश्वास बसला नाही. माझ्या लग्नात तू "भूक नाही" म्हणून दोन पंगतींना बसली होतीस, ते काय मी विसरलेय? तुझी खुर्ची तुझ्यासाठी ओढून ठेवली होती. तिच्यावर तू पर्स ठेवलीस आणि स्वतः त्या उंच खुर्चीवर चढलीस, न्यायाधीश असल्यासारखी.

पहिल्या गाण्यात मी दोन ओळी म्हटल्या आणि तुझ्याकडे बघितलं. चमचा गिळला म्हणे! अगं, मी इतके शनिवार त्या जागेत भिंतीवरची अक्षरं वाचत आले. त्या दिवशी पहिल्यांदा तिथे माणूस होतं. आता येईल, आता येईल तिचा आवाज. आणि तू टाळ्या वाजवल्यास.

ह्या खेपेला तू गेल्यावर ह्यांनी व्हायोलिनला हात लावला नाही. मी जेवायला हाक मारली की "आलो" म्हणायचे आणि तिथेच बसून राहायचे. मग एकदम उठून बालवाडीच्या बाईंचं दार वाजवलं. मी खूप भांडले. म्हटलं, तिला कळलं नाही हो, ती मूर्ख आहे, आपण सांगू. तर म्हणाले, "तिने ती जागा सगळ्यांसमोर तोंडाने दुसऱ्याला दिली. आता मी काय राखत बसू?" त्यांच्यापुढे माझं काही चालेना. तुझ्यापुढे तरी कधी चाललंय?

त्या काय म्हणतात ते विचारतेस. चांगलं म्हणतात, हेच तर दुखणं आहे. वाईट म्हटलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढलं असतं. मूल बाहेरून हाक मारतं आणि आई आतल्या खोलीतून "ओ" देते ना, तसं म्हणतात. तू तसं म्हटलं नसतंस. तू माझ्याशी भांडली असतीस त्या जागेत, पहिल्यापासून भांडायचीस. मला त्याचीच सवय. पण आता ती गाणी त्यांची झाली, आणि ती त्यांना शोभतात. परवा मला विचारत होत्या, "ही खुर्ची आधी कुणाची होती का हो?" मी म्हटलं, "छे हो. पर्स ठेवायची होती."

आता तुला सगळं माहीत आहे. मागच्या पत्रातलं ते गायनमंडळाचं मी कुणाला वाचून दाखवलं नाही. स्वतः मात्र बऱ्याच वेळा वाचलं. त्या मुख्य बाईंना चष्मा लागला तर माझ्याकडे पाठव, चुकीचा नंबर काढून देईन.

इथे जागा राखलेली नाही, हे समजून काय ते ठरव. मी "ये" म्हणणार नाही. एकदाही नाही.

भिंगरी


२८ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र मी एका इमारतीच्या तपासणीला निघताना फाटकाशी उभी राहून उघडलं, ही चूक झाली. नंतर काम करायचं होतं. बारा मजल्यांची इमारत, बरोबर तिथला व्यवस्थापक, टाय लावलेला, सतत बोलणारा. लिफ्टमध्ये शिरले, दार लागलं, तो एकदाचा गप्प झाला, आणि तुझ्या त्या पहिल्या गाण्याच्या दोन ओळी डोक्यात सुरू झाल्या. शब्द आठवत नव्हते, चाल आठवत होती. दोन ओळी संपल्या. पुढे रिकामं आलं. आणि माझ्या तोंडातून आवाज गेला.

घोगरा, फाटका, अर्धी ओळ उशिरा. तो माणूस दचकून म्हणाला, "काय झालं बाई? काही बिघाड आहे का?" मी म्हटलं, "लिफ्ट ठीक आहे." वरून खाली येताना परत म्हटलं. तेव्हा वेळेवर आले. तो पहिल्या मजल्यालाच उतरला, काम आठवलं म्हणाला.

मला राग आलाय, हे नोंदवून ठेव. आधी भावोजींचा. एका माणसासाठी वर्षानुवर्षं जागा राखायची आणि त्याला चार शब्दांनी कळवायचं नाही, ह्याला माया म्हणत असाल तर म्हणा, मी आडमुठेपणा म्हणते. मी इकडे त्या गाण्याच्या गिरणीच्या दारात उभी राहून पाणउतारा करून घेत होते, आणि तिकडे तुम्ही माझ्या नावाची शांतता पाळत होतात, मी मेल्यासारखी! एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर? तुझा राग त्याहून जास्त. तू तर लिहू शकत होतीस, तुझं वाक्य कागदावर पुरं होतं ना? स्वतःचाही आलाय, पण ते इथे सविस्तर लिहिणार नाही. तू फ्रेम करून दुकानात लावशील.

बालवाडीच्या बाईंना उठवायचं नाही. त्यांनी काही माझं घेतलेलं नाही, मीच उंच खुर्चीवरून त्यांच्या अंगावर फेकलं. ती गाणी त्यांची. त्यांना खरं काय ते सांग, आणि पर्सबद्दल खोटं बोललीस म्हणून आधी त्यांची माफी माग. मी आल्यावर मागेनच, पण माझ्या माफीला धार असते, तुझी बरी.

होय, आल्यावर. काल साहेबांना होकार कळवला. त्यांनी विचारलं, "तिकडे आहे का कोणी तुमचं?" मी म्हटलं, "आहेत तिघं. धड एकाला बोलता येत नाही." मुलगा म्हणतो, आधी विचार कर. सुनेने मात्र काही न विचारता माझी मोठी बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली. ही मुलगी मला आवडायला लागलीय. तिला कळवू नकोस.

घर बघून ठेव, तुमच्या दुकानापासून चालत येता येईल असं. पडदे तू निवडू नकोस.

भावोजींना एवढा निरोप दे. नवीन गाणं करत असाल तर अख्खं करा. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गच्च, श्वास घ्यायलासुद्धा फट नको. माझ्यासाठी कुठेही जागा ठेवू नका. मला घुसता येतं.

कातरी